रेघेवरचा ठसा

दुसरा सेट संपला तशी तुळसाबाई झाडू घेऊन कोर्टात शिरली. ताराचंदनं जड जाळी फिरवून लाल मातीवरचे चेंडूंचे सगळे ठसे पुसले, तिनं पांढऱ्या रेघा झाडून लख्ख केल्या. धरमपेठेतल्या या टेनिस क्लबात दोघं बावीस वर्षं हेच करत होते. पण आजचा दिवस वेगळा होता. देशोदेशीच्या मुली आठवडाभर इथं खेळल्या होत्या, आज फायनल होती, आणि तुळसाबाईच्या लेकीचं, पिंकीचं, पुढचं सगळं या एका मॅचवर येऊन ठेपलं होतं.

काम आटोपून दोघं कुंपणाशी मांडी घालून बसले.

"भेव लागून राहिलं का वं?" ताराचंदनं विचारलं.

"मले कायचं भेव? तिले नाही लागलं म्हणजे झालं."

म्हणाली खरी, पण झाडूच्या दहाबारा काड्या उपटून तिनं पायाशी ढीग केला होता.

गेल्या वर्षी पुण्यात लोकांनी असा गलका केला, की पिंकीनं ऐन मोक्याला कच खाल्ली. घरी आल्यावर दोन दिवस धड जेवली नाही. "लोकं ओरडले आन् माहं डोस्कंच चाललं नाही वं माय," एवढंच म्हणाली. आज दिल्लीहून सुमंत साहेब वही घेऊन खास तिच्यासाठी आले होते. टिकली, तर पुढच्या महिन्यात परदेश. पुन्हा डगमगली, तर हा नाद सोडायचा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण गोड बोलणं त्याला परवडत नसावं.

सकाळी तुळसाबाईनं तिच्या शर्टाला स्वतः इस्त्री करून दिली. पिंकीनं बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले, घोटभरच पाणी घेतलं आणि दारातून मागं वळली.

"मॅच होईस्तोवर तू मले ओळखत नाहीस. टाळी नाही, हात हालवनं नाही. समजलं?"

"काहून वं? माय हावो ना मी तुही?"

"म्हनूनच."

याच मातीवर वाढली होती ती. शाळेआधी आईबरोबर यायची. लेकराला गुंतवायचं कसं, तर तुळसाबाईनं एक खेळ काढला होता. आदल्या संध्याकाळचा रेघेजवळचा एखादा ठसा दाखवायचा आणि विचारायचं, "आत का बाहेर?" पिंकी जमिनीवर पालथी पडायची, गाल मातीला टेकवायची आणि एक डोळा मिटून बघायची. कणभर जरी रेघेला शिवला असेल तर आत. बरोबर उत्तर आल्याशिवाय तिथं झाडू फिरायचा नाही. उन्हं वर आली तरी रेघ तशीच राहायची आणि मग तुळसाबाईला बोलणी बसायची. पुढं क्लबातल्या लोकांनीच पोरीची नजर हेरली, तिला आत घेतलं, आणि तेव्हापासून तिचं कोर्ट सुटलं नाही.

तिसरा सेट रंगला. "नागपूर! नागपूर!" लोकांनी आभाळ डोक्यावर घेतलं. समोरची परदेशी मुलगी उंच होती, ताकदीची होती, पण नागपूरची मुलगी एकेक चेंडू खणून काढत होती. क्लबच्या कुसुमताई, एरवी मोठ्यानं हसतसुद्धा नाहीत, त्या पदर खोचून शिट्ट्या मारत होत्या. ताराचंदचे तळहात लाल झाले. तुळसाबाईनं एकही टाळी वाजवली नाही. तिची नजर कोर्टाच्या मधोमध, जाळीपाशी, खिळून राहिली होती.

पाच-चार, आणि या गेममध्ये चाळीस-तीस. पंचांनी आकडा पुकारला. आता नागपूरला फक्त एक पॉइंट हवा होता.

उंच मुलीनं जीव खाऊन फटका मारला. चेंडू कोपऱ्यात पडला. नागपूरच्या मुलीची रॅकेट तिथवर पोचलीच नाही.

"आउट!" रेघेवरचा माणूस ओरडला.

सगळं स्टँड उभं राहिलं. कुसुमताईंनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली. ते बिचारे अवघडून हसले.

परदेशी मुलगी मात्र जागची हलली नाही. तिनं रॅकेट मातीकडे रोखली. मातीच्या कोर्टाचं हेच तर असतं, चेंडू आपला ठसा ठेवून जातो. शंका आली की पंचांनी खाली उतरून तो बघायचा.

ठसा कुंपणापासून पाचसहा पावलांवर होता. तुळसाबाईला तो बसल्या जागेवरून दिसला.

"ताराचंद, आत हाये गा तो."

"चूप बस ना वं! कोनाले दिसून राहिलं एवढं?"

"मले दिसते. रेघ मीच झाडली."

पंच उंच खुर्चीवरून उतरले. कोपऱ्यापर्यंत येईतो लोकांनी एकच घोष लावला, "आउट! आउट!" पंचांनी उभ्यानं पाहिलं. पुन्हा पाहिलं. सुमंत साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. एवढी माणसं एका सुरात ओरडायला लागली की भल्याभल्यांना नसलेलंही दिसतं, हे तुळसाबाईला पुण्यापासून माहीत होतं.

मग पंचांनी टोपी मागं सरकवली, गुडघे टेकले, इस्त्रीच्या शर्टासकट खाली ओणवून गाल मातीला लावला आणि एक डोळा मिटला.

क्षणभरानं तळहात जमिनीला समांतर धरून पंचांनी खूण केली. चेंडू आत. नागपूरचा विजय गेला, पॉइंट परदेशी मुलीचा. स्टँडमधून शिव्या आल्या, पाठोपाठ पाण्याची एक बाटलीही आली, आणि त्या सगळ्या गलक्यातून, गालाला लाल माती तशीच ठेवून, पिंकी शांतपणे आपल्या उंच खुर्चीत चढून बसली. टाळी वाजवायची मनाई होती, म्हणून तिच्या आईनं दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले.