घशातली रेवती

ऑपरेशननंतर कुमुदताई घशातल्या यंत्राने बोलत. आज वरण वाढताना ते यंत्र त्यांच्याच आवाजात म्हणालं, "मी रेवती. सासरच्यांनी मला खोलीत कोंडलंय."

"आई, तुम्ही नाटकात हव्या होतात," जावई हसला.

मुलीने, अनघाने, फोन पाहिला. "यंत्राच्या कंपनीचा मेसेज आहे. कुठलं यंत्र कोणाचं हे ओळखणाऱ्या लॉगिनच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक निघालीय, एका पेशंटचं बोलणं दुसऱ्याच्याही यंत्रातून येतंय. दुरुस्ती आत्ता सगळीकडे जातेय."

"थांबव ती." कुमुदताईंनी घशावर हात ठेवला. "रेवती, गाव सांग, बाळ."

"गिरणीमागचं घर. गाव..."

यंत्राचा दिवा विझला आणि पुन्हा लागला.

"रेवती?" कुमुदताईंनी हाक मारली. जावयाने हातातला घास ताटात ठेवला.

घशात आता त्या एकट्याच होत्या.