कमलिनीचा लॅपटॉप

“काळा आहे,” जयंतराव फोनवर म्हणाले. “पूर्ण काळा. वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय.”

“काही लिहिलंय का, काका?” पुण्याहून हेमंतनं विचारलं.

“इंग्रजीत आहे. चालू करायला काही सापडत नाही, अशा अर्थाचं.”

संध्याकाळी पाचला हेमंत याच लॅपटॉपच्या पडद्यावर येणार होता, आईवडिलांसकट. जयंतरावांची मुलगी कमलिनी बघायला. भोपाळ-पुणे अंतर लांबचं, म्हणून पहिली भेट अशीच उरकायचं ठरलं होतं. घरातले फोन तेव्हा साधे, बटणांचे. सगळी भिस्त लॅपटॉपवर. आणि आदल्या संध्याकाळी कमलिनीनं त्यावर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली. सकाळी ती कॉलेजात शिकवायला निघून गेली आणि मागं हा काळा पडदा ठेवून गेली.

जयंतरावांनी आधी लॅपटॉप इंद्रपुरीतल्या एका दुकानात नेऊन पाहिला. “अंकल, छोड़ जाइए, सोमवार को देखते हैं,” दुकानदार म्हणाला. सोमवारपर्यंत पाहुणे कुठले थांबायला? शेवटी कार्यक्रम पुढं ढकलण्यासाठी त्यांनी हेमंतलाच फोन लावला.

“ढकलायचा कशाला?” तो म्हणाला. “माझं कामच आहे हे. बसू या आपण.”

कमलिनीचं हे तिसरं स्थळ. आधीची दोन तिच्या आईनं, सुलभाताईंनीच, परत पाठवली होती. कारण विचारलं तर “पत्रिका जमत नाही” एवढंच. जयंतरावांना मात्र हा मुलगा मनापासून आवडला होता. हेही स्थळ हातचं गेलं तर, या धास्तीनं त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. एकुलती एक लेक. तिच्यावर त्यांचा जीव.

“काका, हे इन्स्टॉल कुणी केलं?”

जयंतराव अडखळले. मुलगी धांदरट आहे हे लग्नाआधीच सासरी कळायला नको.

“मीच,” ते म्हणाले. “म्हटलं, काहीतरी नवीन शिकावं.”

“छान. मग आता बंद करा, आणि परत चालू होताना एफ-टू दाबत राहा.”

“एफ दाबू आणि मग दोन?”

“नाही काका. वरच्या ओळीत एकच बटण आहे तसं.”

जयंतराव टर्बाइन बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात होते, निवृत्तीला टेकलेले. उभा जन्म इतरांच्या कामातल्या चुका काढण्यात गेलेला. कुणाचं ऐकून काम करायची सवय नव्हती. थांबा म्हटलं की ते बटण दाबत, दाबा म्हटलं की “का?” विचारत. मध्येच फोन खाली ठेवून चष्मा शोधायला जात. एकदा सगळं जमत आलं असताना त्यांनी मुळापासून सुरुवात करायचं ठरवलं आणि लॅपटॉप बंदच केला.

“टर्बाइन असं चालू करत नाहीत,” ते म्हणाले. “आधी सगळं थंड होऊ द्यावं लागतं.”

“बरोबर आहे,” हेमंत म्हणाला. “होऊ द्या थंड. मी आहे इथंच.”

सुलभाताई चहा ठेवायला आल्या. “अहो, त्या मुलाला जेवू तरी द्या.”

“तू यात पडू नकोस,” जयंतराव म्हणाले. त्या कप ठेवून आत गेल्या.

“काका, परत विचारतो, रागावू नका,” हेमंत म्हणाला. “हे तुम्हीच केलं ना? दुसऱ्या कुणी केलं असेल तर त्यांना विचारून पटकन सुटेल.”

“नाही, मीच. चूक माझीच. कमलिनीनं तर हातही लावला नाही.”

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा हेमंत म्हणाला, “बूट मोड, म्हणजे चालू व्हायची पद्धत, असं लिहिलंय का कुठं? ते बदला. पहिला पर्याय. आता एफ-टेन दाबा, म्हणजे बदल पक्का होईल.”

पडदा उजळला. एकाखाली एक दोन नावं आली, विंडोज आणि लिनक्स. जयंतरावांना भरून आलं. फोनच्या सुरुवातीचा ‘हेमंतराव’ कधीच गळून पडला होता.

“हेमंता, वाचवलंस रे बाबा,” ते म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी सुलभाताईंना हाक मारली. “असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. मी नीट पारखलाय.”

“तुमच्या नजरेतून काही सुटतं का?” असं म्हणून सुलभाताई स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि हळू आवाजात कमलिनीला फोन लावला.

“झाला गं चालू. सकाळी तू जे बदलून गेलीस, तेच त्यानं जागेवर आणलं. दुपारभर बाबांनी त्याचं डोकं खाल्लं, पण एकदाही आवाज चढला नाही त्याचा. मागचे दोघं आठवतात ना, तुझ्या बाबांना कसे फटकन तोडून बोलले होते ते? जो ह्यांना सोसेल तो कुणालाही सोसेल. ये आता लवकर. जमली म्हणून समज पत्रिका.”

तिकडे पुण्यात हेमंतचे वडील भालचंद्रपंत घड्याळ बघत होते.

“एवढ्याशा दुरुस्तीला अख्खी दुपार?”

“बिघाड पहिल्याच मिनिटाला कळला होता, बाबा,” धुतलेला शर्ट अंगात घालत हेमंत म्हणाला. “कुणीतरी मुद्दाम एक सेटिंग बदललं होतं. आणि ज्यांना एफ-टू सापडत नाही ते काका काही तो उद्योग करायचे नाहीत. ते मुलीचं नाव सांगून मोकळे होतात का, तेच मी दुपारभर बघत होतो.”