तोंडओळख

इतिहास पराक्रमी माणसांचे चेहरे कधीच विसरत नाही.

बुलडोझरचा चेहरा मात्र त्याला आधी दिसायला तर हवा! पंधरा वर्षं हा बुलडोझर म्हणवला जाणारा गडी रग्बी खेळून पोट भरत होता, पण त्याचं काम एकच. दोन्ही संघ डोकी खाली घालून एकमेकांना रेटायला लागले, की पुढच्या दोघांच्या मध्ये मुंडी खुपसायची आणि मागून जोर लावायचा. पेपरात फोटो यायचे ते नेमके तेव्हाचेच, आणि तेही मागून काढलेले. आई ते फ्रेम करून बैठकीत लावायची आणि आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवायची, "हा माझा!"

"कशावरून?" शेजारीण एकदा खवचटपणे म्हणाली.

"लहानपणी मीच धुतलंय. ओळखणार नाही होय?"

पण एकदा तरी लेकाचं तोंड पेपरात यावं, एवढीच त्या माउलीची इच्छा होती. तो निवृत्त झाला आणि पेपरचा फोटोग्राफर घरी आला, तेव्हा तिने लेकाला कोट चढवला, भांग पाडला, चुरगळलेल्या कानांवरसुद्धा पावडर थापली आणि फ्रेमांसमोर उभं केलं.

"हस रे मेल्या, आहेत तेवढे दात दाखव!"

फोटोग्राफरने फोटो काढला. भिंतीकडे पाहिलं, पुन्हा कॅमेऱ्यात पाहिलं आणि घसा खाकरला.



"सर, फोटो झकास आलाय. फक्त एकदा भिंतीकडे तोंड करून जरा वाकता का? नाहीतर वाचक ओळखायचे नाहीत."