दोराची ओढ

१९९३च्या डिसेंबरातली, भर दुपारची गोष्ट. राखोलीजवळ दमणगंगेच्या काठावरून समाधान पाठीला हवेची टाकी बांधून गारठलेल्या पाण्यात उतरला. कारखान्याला पाणी नेणाऱ्या पाइपाची जाळी पाणवेलींनी बुजली होती, आणि तिथे तळापर्यंत वेलींचं जंगलच माजलं होतं. त्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक धरून मेहुणा भिकन काठावर बसला.

दहा मिनिटांनी दोराला तीन झटके बसले. 'वर घे' ही त्यांची ठरलेली खूण. भिकन जीव खाऊन ओढू लागला, पण दोर हलेना.

तेवढ्यात पंधरा हात पलीकडे समाधान धापा टाकत पाण्याबाहेर आला.

"दाजी! मग दोराला कोण आहे?"

"वेलीत गुंतला म्हणून मी तो केव्हाच कापला रे."

पुन्हा तीन झटके बसले. समाधानने दोर हातात घेतला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोन सावकाश, एक जोरात," तो पुटपुटला. "मी असंच ओढतो."

"वर घेऊ का सोडू?"

दोघांच्यानंही ना ओढवलं, ना सोडवलं. खालून झटके येतच राहिले, आणि प्रत्येक झटका आधीच्यापेक्षा क्षीण होत गेला.