बैठकीबाहेरची बहीण

खून झालेल्या रीनाच्या ओढणीवर सापडलेल्या मारेकऱ्याच्या रक्ताचं नातं डीएनए तपासणीत इतक्या वर्षांनी प्रताप नगरातल्या भैयाजींच्या घराण्याशी जुळलं. नेमका माणूस शोधायला घरातल्या एकाच्या तरी लाळेचा नमुना हवा होता. पण नातेवाइकांवर कायद्याने सक्ती करता येत नव्हती. भैयाजींनी बैठक बोलावून सगळ्यांकडून वदवून घेतलं, की घरच्या कोणीच नमुना द्यायचा नाही.

त्यांची धाकटी बहीण कुसुमताई ही रीनाची जिवाभावाची मैत्रीण. ती बैठकीला आली, तेव्हा भैयाजींनी तिला दारातच अडवलं. "तू काहून आली वं? लग्न झालं तेव्हाच तुह्यं गोत्र बदललं. तू या घरची नाहीस आता."

कुसुमताई माघारी फिरली आणि थेट पोलीस ठाण्यात गेली.

कुणकुण लागताच भैयाजी धापा टाकत तिथे पोहोचले. "अवं, नमुना द्यायचा नाही असं ठरलं ना!"

"ठरलं ना गा दादा, पण घरच्यांचं ठरलं," कुसुमताई हसली. "मी कुठी घरची आहो? तूच त सांगतलं."

आणि इन्स्पेक्टरबाईंच्या हातातल्या कापसाच्या काडीसमोर तिने भला मोठा आ केला.