गाडीतला आवाज

नवऱ्याने तरुणपणी घेतलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार अजून जिवापाड जपली होती, पण आत बसलं की कानठळ्या बसायच्या. निवृत्त झाल्यावर त्याने सीटा काढून तळाला आवाज शोषणारा जाड थर चिकटवला, दारांची रबरं बदलली आणि बायकोला फिरायला नेलं.

"आता ऐकू येतं ना?"

"अगदी स्पष्ट! याच गाडीत तू मला लग्नाचं विचारलंस ना?"

"आणि तू लगेच मान हलवलीस."

"मला वाटलं, काच वर घेऊ का विचारतोयस. घरी तुझ्या आईने सूनबाई म्हणून हाक मारली, तेव्हा उलगडा झाला."

त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पुन्हा विचारलं.

"आता मात्र विचार करायला वेळ दे हं," म्हणत तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.