सरपंचबाईंचे मालक

१९७९ साली पाऊस मध्येच थांबला. गावच्या तलावात एका पाळीपुरतंच पाणी उरलं. सरपंच शकुनबाईंनी ठरवलं, पाणी आधी खालच्या धानाच्या बांध्यांना, उरलं तर वरच्यांना.

गोमाजींची बांधी वर होती. ते शकुनबाईंच्या नवऱ्याला शोधत निघाले. तेजराम ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसलेला सापडला.

"तेजराम, बाईले घरी समजावून सांग ना. नवरा हाये न तू तिचा."

"घरी आमी घरचं बोलतो, काकाजी. पान्याचं इथंच बोला लागते. बसा."

"मंग तू कायले बसून राहिला?"

तेजरामनं खिशातला अर्ज दाखवला. "माहीबी बांधी वरच हाये."

आत शकुनबाईंनी दोघांचं नीट ऐकून घेतलं. "पानी पयले खालीच जाईन," त्या म्हणाल्या.

तेजराम उठला, फावडं घेऊन तलावाकडे गेला आणि पाटातला गाळ उपसू लागला. पाणी त्याच्याच वाळत्या धानाच्या कडेनं वाहत खाली गेलं.

त्यानंतर पाण्यासाठी तेजरामकडे कुणीच आलं नाही. लोक सरळ सरपंचांकडे जाऊ लागले.